अनंताची वजाबाकी

भौतिकशास्त्राच्या संस्थेत त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना सगळे ‘वजाबाकीचे वैरी’ म्हणायचे. तरुणपणी ते आणि त्यांचा जिवलग मित्र इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं गणित मांडायला बसले, तेव्हा उत्तर अनंत आलं. जगभर सगळ्यांचंच तसं येत होतं. मग कुणीतरी वाट काढली: एका अनंतातून दुसरं अनंत वजा करायचं आणि उरेल ते उत्तर धरायचं. ते प्रयोगाशी तंतोतंत जुळायचं. मित्र त्या वाटेने गेला, नावारूपाला आला. हे मात्र हटून बसले. जुळलं म्हणजे कळलं असं नाही, म्हणायचे. त्यावरून दोघांत जुंपली, आणि बोलणंच तुटलं. हळूहळू विद्यार्थीही पांगले.

त्यांची लेक पाण्याच्या उकळण्यावर संशोधन करत होती. त्या अनंताकडे बघायची नवी दृष्टी पुढे तिच्याच विषयातून आली. एका दुपारी तिने खडू घेऊन बाबांना ती समजावली. जवळून असंख्य बारकावे दिसतात, पण लांब जात राहिलं की ते दोन-चार आकड्यांत मुरून जातात. अतिसूक्ष्म अंतरावरचंही सगळं ठाऊक आहे असं धरल्यामुळे अनंत येत होतं. वजाबाकी ही लबाडी नव्हती, न कळलेलं बाजूला ठेवायची ती रीत होती.

बाबांनी खडू मागून घेतला आणि सगळं स्वतः करून पाहिलं. मग हात झटकून खाली बसले.

“मला खटकत होतं ते बरोबर होतं ना?”

“अगदी बरोबर होतं, बाबा.”

“पण मी आणखी आत शिरत राहिलो. तुम्ही नवी मंडळी मागे सरकलात.”

तुमच्यासारखे अडून बसले म्हणूनच पुढच्यांना शोधावंसं वाटलं, असं ती म्हणू लागली. माझी समजूत काढू नकोस, बाबा म्हणाले, मला माझ्या मित्राकडे घेऊन चल.

मित्राच्या बायकोने दारातच सांगितलं, की ते आता कुणालाच ओळखत नाहीत. तरी बाबा त्याच्याजवळ बसले आणि पहिल्यापासून सगळं समजावत राहिले. मित्राने शांतपणे ऐकून घेतलं.

“आपण कोण?” त्याने विचारलं.

“तुझ्याशी भांडलो होतो मी.”

“कशावरून?”

“गणितावरून.”

मित्र लहान मुलासारखा खदखदून हसला. त्याचं बघून बाबाही हसले.

परतताना लेक गाडी चालवत होती. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हुंदक्यांनी हलताना दिसले, तशी तिने गाडी कडेला घेतली आणि त्यांचा हात हातात धरून बसली.