गाडीला दिलेलं आवतन

त्या गाडीपुढं सिदूला लाज म्हणून नव्हती. बायकोच्या नव्या लुगड्याला कधी बरं म्हटलं नाही बाबानं, पण मालक अंगदरावांच्या गोठ्यातली इंपाला पुसताना तिच्याशी तासन्‌तास बोलत बसायचा. गाडी होतीच तशी म्हणा. पासष्ट सालची अमेरिकन शेवरोले, अंगदरावांच्या आजोबांनी हौसेनं मुंबईहून आणलेली. दारं दोनच, पण लांबी अशी की आत घ्यायला गोठ्याची एक भिंत पाडावी लागली. काळंभोर अंग, मागं सहा गोल तांबडे दिवे, पत्र्यावर उडी घेतलेलं चांदीचं हरीण. सिदू त्याला काळवीटच म्हणायचा. मागच्या चाकांवर पत्रा असा भरून आलेला की खिल्लारी बैलाचा पुठ्ठाच. बॉनेटखाली सव्वातीनशे घोड्यांचं इंजिन होतं म्हणे. "सव्वातीनशे घोडी, आन्‌ वैरणीचा खर्च न्हाई!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

ट्रॅक्टर आला तसे बैल विकले गेले. सिदूची चाळीस वर्षांची चाकरी उरली ती या गाडीपुरती, आणि आता गाडीही चालली होती. पुण्याच्या एका हौशी माणसानं ती घेतली. सिदूचा पोरगा जीवन चौसाळ्यात मेकॅनिक. त्यानं दोन महिने खपून ती चालू केली, तर त्या माणसाला गाडीबरोबर जीवनही पसंत पडला. पुण्यात नोकरी, राहायला खोली. पोळ्याच्या दिवशी जीवननंच गाडी घेऊन निघायचं ठरलं.

एकुलता एक पोरगा कायमचा निघालेला. सिदूच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पण "नको जाऊ रे" म्हणायला जीभ रेटेल तर शपथ! आमच्याकडच्या बापांची ही खोडच आहे. गोड बोलायचं तर म्हशीशी बोलतील, पोराशी नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात आणि त्यांना जेवणाचं आवतन देतात. एकदा आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, आणि त्याला खाऊ घातल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. हे सिदूला ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं. तरी संध्याकाळी तूप-हळदीची वाटी घेऊन तो गोठ्यात गेला. इंपालाचे दोन्ही खांदे चोळले आणि म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

हाताखालचा पत्रा थरथरला. माशी बसल्यावर बैलाचं कातडं थरथरतं, अगदी तसा. सिदूनं चटकन हात काढून घेतला. गाडीची चावी तर जीवनच्या खिशात होती.

सकाळी हळद बघून अंगदराव खो खो हसले. सिदू हात जोडून म्हणाला, "मालक, आज हिला जुपू नका. आवतन दिलंय."

"सिदूनाना, लई झालं. गाडी हाय ती, बैल न्हाई."

"आबा, माजी नोकरी हाय," जीवन दातओठ खात म्हणाला. "लोकांत हसं कावून करताव?"

घरात सिदूच्या बायकोचं, रतनबाईचं पुरण अजून शिजत होतं. "जेवून तरी जा रं," ती चुलीपुढून ओरडली, तोवर गाडी फाट्याकडं वळलीसुद्धा. पुण्याचा माणूस आपल्या गाडीतून पुढं निघून गेला होता.

दुपारी मारुतीपुढं गावातले राहिलेले सहा बैल ओळीनं उभे केले. झुली, बाशिंगं, हलगीचा दणका. एकाएकी सहाही बैलांनी फाट्याकडं माना वळवल्या. हलगीवाल्याचा हात तसाच थांबला.

इंपाला येत होती. बैलाच्या चालीनं, सावकाश. इंजिनाचा आवाज नाही, नुसती खडीवर चाकांची करकर. आत जीवन होता. त्याचे हात स्टिअरिंगवर नव्हते, छातीशी घट्ट धरलेले होते, आणि पाय सीटवर पोटाशी घेतलेले. गाडी ओळीच्या शेवटी आली आणि सातवी उभी राहिली.

सिदू धावला. दार उघडेना. आतून जीवन काचेवर बुक्क्या मारत होता, आवाज बाहेर येत नव्हता. माणसं मागं सरकली. अंगदराव तर कधी पसार झाले, कुणाला कळलंही नाही.

"अवं, पोरगं गुदमरंल की!" रतनबाईनं टोपलं आणून सिदूच्या हातात कोंबलं. "बोलीवलंय न्हवं? घाला मग!"

सिदूनं पहिली पुरणपोळी पुढच्या जाळीशी धरली. आतून गरम, ओला श्वास हातावर आला. पोळी गेली. दुसरी गेली. हात पार कोपरापर्यंत ओला झाला. तरी तो देत राहिला. टोपल्यात वीसएक पोळ्या होत्या. शेवटची गेली तेव्हा खट्‌ करून दार उघडलं आणि जीवन मातीत पडला.

सिदूनं त्याला पोटाशी धरलं. जीवननं बापाच्या हातावरची हळद बघितली.

"तुमाला मी जाऊ नये वाटत हुतं?"

सिदूनं मान डोलावली.

"मंग मला सांगायचं, आबा. मला! 'ऱ्हा' म्हनला असता तर ऱ्हायलो असतो मी. हिला कावून सांगितलं?"

तो उठला. रतनबाईनं सवयीनं टोपल्यात हात घातला, तर टोपलं रिकामं. सणाच्या दिवशी पोराला द्यायला एक घास उरला नव्हता. जीवन उपाशीच चौसाळ्याच्या वाटेला लागला. तिथून मिळंल ती एसटी, मिळंल ते गाव.

"जीवन! ऱ्हा रं, बाळा!" अखेर जीभ सुटली. सिदू मागं पळाला. त्याच्या मागं खडी करकरली. तो थांबला, करकर थांबली. चार पावलं टाकली, ती चार पावलं आली.

पुढं जीवननं वळून बघितलं. बाप, आणि बापाच्या पाठीला लागून ती. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं आणि तो जीव घेऊन धावत सुटला.

आता आपण जेवढं पुढं जाऊ तेवढं पोरगं लांब पळणार, हे सिदूला कळलं. तो रस्त्याच्या मधोमध तसाच उभा राहिला. मानेवर गरम श्वास लागत होता.