सरकीची मतं

माजलगावच्या जिनिंग कामगार संघाचे चिटणीस म्हणून आप्पा, म्हणजे माझे वडील, पुन्हा निवडून आले आणि नवव्या दिवशी वारले. त्यांच्या जागी निवडणूक घ्यायची परवानगी मागायला मी बीडच्या नोंदणी कचेरीत गेले. चौथी खेप. या वेळी सोबत साखराबाई होती. ती जिनिंगमध्ये कापूस निवडायची, आणि त्या निवडणुकीची पंच होती.

पेशकारांनी कागद चाळले. "मतांच्या चिठ्ठ्या?"

"चिठ्ठ्या नव्हत्या. बहुतेकांना अक्षर येत नाही. आप्पांना सरकी, मालकाच्या मुकादमानं उभ्या केलेल्या माणसाला तूर. कापड झाकलेल्या घागरीत हात घालून एक दाणा सोडायचा. कुणाचं कुणाला दिसत नाही."

"छान. मग ते दाणे दाखवा. मतं सहा महिने जपून ठेवायची असतात."

मी साखराबाईकडे पाहिलं.

"सरकी म्हशीला घातली," ती म्हणाली. "एकशे बारा हुत्या. मोजून मंगच घातल्या."

"आणि तूर?"

"तूर कुनी टाकून देतं व्हय, सायेब?"

पेशकारांनी चष्मा काढला. "मतं नाहीत, म्हणजे निवडणूक खोटी. खोटी निवडणूक कळवली म्हणून नोंदणी रद्द होईल. नाहीतर लिहून द्या, निवडणूक झालीच नाही. मग नव्यानं घ्या."

"झाली होती. अंगात ताप असताना आप्पा दिवसभर जिनिंगच्या फाटकाबाहेर उन्हात बसले. उमेदवारानं घागरीजवळ असू नये म्हणून."

"असतील. माझ्या फायलीत नाहीत."

नोंदणी गेली की मुकादम आपला संघ उभा करणार, हे ठरलेलं होतं. आणि मी लिहिलं, तर आप्पांचं शेवटचं काम झालंच नव्हतं.

"लिव माय," साखराबाई म्हणाली. "आमाला ठाव हाय की."

मी लिहिलं, सही केली. तिनं अंगठा दिला.

"हे पहिल्याच खेपेला केलं असतं तर?" पेशकार म्हणाले.

मी उरलेले कागद पिशवीत घातले.

बाहेर आल्यावर साखराबाईनं विचारलं, "मंग आता पुन्यांदा मत टाकायचं?"

"हो. पुढल्या शुक्रवारी."

"मी आप्पालाच टाकनार."

"मावशी, आप्पा गेले."

"ठाव हाय. म्हनून काय दुसऱ्याला टाकू?"

मोटारीच्या अड्ड्यापर्यंत मी तिला कायदा समजावत होते.