थांबत थांबत निघालेला धागा

मी एक यीस्टची पेशी बोलतेय. पाव फुगवणाऱ्यांच्या खानदानातली, पण पाव मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. माझं सगळं आयुष्य प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत गेलं. बोलायला मला जरा वेळ लागतो, तेवढं सांभाळून घ्या.

आईच्या अंगावर एक फुगवटा आला, वाढला आणि सुटला, ती मी. आई कोण नि मी कोण, हे आम्हा दोघींनाही नीट सांगता येत नाही. उबेच्या कपाटात आम्ही लाखो जणी अर्धवट झोपेत असायचो, आणि त्या गुंगीतही पोटातलं काम चालूच असायचं.

काम म्हणजे धागा काढणं. माझ्या पोटात डीएनएच्या अक्षरांची लांबच लांब ओळ आहे. तिच्यावरून एक इवलंसं यंत्र सरकतं आणि वाचत वाचत आरएनएचा धागा काढतं. त्या धाग्याला घड्या पडायच्या, ठरल्या जागी तो कापला जायचा आणि मग राइबोसोमात बसायचा. राइबोसोम म्हणजे माझं स्वयंपाकघर, सगळी प्रथिनं तिथेच तयार होतात. धागा बिघडला की चूल थंड.

हे यंत्र एका दमात काही धावत नाही. चार पावलं जातं, थांबतं, कधी मागेही घसरतं. मागच्या धाग्याला घडी पडली की तिचा टेकू मिळतो, घसरण थांबते आणि गाडी पुढे निघते. असं का, ते मी कधी कुणाला विचारलं नाही.

माझ्या मालकिणीला सगळे धाकटी म्हणत, कारण तिथल्या संशोधकांत तीच वयाने लहान. बोलताना ती अडखळायची. आमच्याशी मात्र नाही. झाकण उघडून म्हणायची, "काय गं बायांनो, झोपा काढताय होय?" एक अक्षर अडकायचं नाही.

माणसांची एक सवय मला तिथे कळली. कुणी अडखळलं की त्याचा शब्द आपणच पुरा करून टाकायचा. तिचे मार्गदर्शक सर तर यात पटाईत. माणूस मायाळू, पण दम धरवत नाही. ती म्हणाली, "सर, मला सु..." की सर म्हणणार, "सुट्टी ना? घे की." तिला सुई हवी असायची. बिचारी दोन दिवस घरी बसून परत यायची.

सरांनी आमची एक बहीण घडवली होती. तिचं यंत्र जवळपास न थांबता धावायचं. तिला ते एक्स्प्रेस म्हणत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत.

धाकटीने आमच्या पोटातली यंत्रं ओळीवर कुठे कुठे उभी असतात ते शोधून आलेख काढला. कुठे दाटी, कुठे विरळ, पुन्हा दाटी. सर म्हणाले, "या पेशी आजारी दिसतात." तिने सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच.

मग एका दुपारी तिने आलेखाखाली धाग्याच्या घड्यांचं चित्र सरकवलं आणि कुठल्या दाटीपाशी कुठली घडी येते ते बोटाने जुळवत गेली. शेवटी आमच्याकडे वाकून म्हणाली, "आजारी कसल्या गं तुम्ही. घडी पडायची वाट बघताय." एक्स्प्रेसचा धागाही तिने तपासला. ढीगभर निघत होता, पण घड्या चुकलेल्या, बराचसा टाकाऊ.

आता हे सगळ्या विभागासमोर सांगायचं होतं. पुढचं काम कुणावर करायचं, आमच्यावर की एक्स्प्रेसवर, ते तिथेच ठरणार होतं. सर म्हणाले, "तू नुसता आलेख दाखव, बोलेन मी. उगाच तुला त्रास कशाला?" तिने मान डोलावली. संध्याकाळी आम्हाला म्हणाली, "सर बोलले तर आजारीच म्हणतील, माझं पुरतं ऐकलंय कुठे त्यांनी. मग तुमची रवानगी भांडी धुणाऱ्या काकूंच्या बादलीत. आणि मी बोलले तर..." पहिल्यांदाच आमच्यासमोर तिचा शब्द अडला. मला फार भीती वाटली.

सभेच्या दिवशी आमची बशी घेऊन ती सभागृहात गेली, आणि सर उठायच्या आत स्वतःच उभी राहिली.

"ही प... पेशी था... थांबते, कारण..."

पुढे काही येईना. खुर्च्या कुरकुरल्या. कुणीतरी खाली बघितलं. सरांना ते सहन होईना. मायेपोटीच ते म्हणाले, "कारण ती आजारी आहे."

लोकांनी लिहूनही घेतलं. संपलं, मी मनात म्हटलं.

"सर, था... थांबा," धाकटी म्हणाली. "माझं वाक्य अजून सं... संपलेलं नाही."

सर थांबले. शब्द आपल्या वेळेने आला. "ती थांबते, कारण घ... घडी पडण्याआधी पुढे गेलं, तर धागा फुकट जातो."

पहिली रेघ मारली सरांनीच, स्वतःच्या वहीत, आजारी या शब्दावर.

आता आम्ही फ्रीझरमध्ये आहोत, पुढच्या कामासाठी जपून ठेवलेल्या. आमच्या कुपीवर तिच्या हातची नावाची चिठ्ठी आहे. इथली झोप फार गाढ. तुमच्या घरात कुणी अडखळत असेल, तर एवढं करा, त्याच्याकडे बघत नुसते बसून राहा. माझं यंत्रही एका अक्षरावर पाय ठेवून गोठलं आहे. पुढचं अक्षर कोणतं, ते मला ठाऊक आहे. तुम्ही सांगू नका.