हुसेन लोहाराचा कोट

हुस्नाबीनं पेटीतून खाकी कोट काढला खरा, पण लेकाच्या हाती देईना.

"मत जा, अब्रार. मागच्या साली फासळी मोडली."

"आपला मान हाये अम्मी."

मान होताच. इंग्रजांच्या राज्यात, एकोणीसशे तीस सालच्या बंडात सरकारी जंगलात गवत कापायला शिरलेल्या गावाला पोलिसांनी घेरलं. तेव्हा अब्रारचा पणजा हुसेन लोहार यानं पळालेल्या जंगल नाकेदाराचा हा कोट चढवला आणि पोलिसांना भलत्याच नाल्याकडं नेलं. माणसं निसटली. हुसेनच्या पाठीत पोलिसांची गोळी घुसली, तो गेला. पुढं दर साली गाव बंडाचा खेळ करू लागलं. पोलिस झालेल्यांना तुराट्यांनी हाकलायचं आणि कोटवाल्याला हार घालायचा. मग पोलिस व्हायला कोणी मिळेना. मैदानात खाकी एकच उरली, कोटवाल्याची, आणि मार तिच्यावर वळला. तुराट्या जाऊन सागाच्या काठ्या आल्या.

"आला रे आला, गद्दार नाकेदार!" यंदा अब्रार कोट चढवून मैदानात उतरताच भोंग्यावर गावातला कपिल ओरडला.

पहिली काठी अब्रारच्या कानावर बसली. दुसरीनं मनगट मोडलं. तो आवाज कडेला उभ्या हुस्नाबीनं ऐकला. अब्रार गुडघ्यावर आला, तोंडातून रक्ताची लाळ लोंबू लागली. सगळीकडं मोबाइल वर धरलेले.

"भगवानकाका, सांगा न यायले!" अब्रार मंचाकडं पाहून ओरडला.

प्रमुख पाहुणे म्हणून मंचावर बसलेल्या भगवानरावांचा आजा त्या दिवशी हुसेनमुळंच वाचला होता. त्यांनी भोंगा हाती घेतला. "हळू मारा रे पोट्टेहो, पुढच्या सालीही लागन तो!"

मैदान खदाखदा हसलं.

हुस्नाबी गर्दीत घुसली. पाठीवर काठी खाऊन तिनं लेकाच्या अंगातला कोट ओढून काढला आणि मंचावर चढली. कोटाच्या पाठीवरच्या भोकातून तिनं बोट बाहेर काढलं.

"ही गोळी कोनाची, भाऊ? तुमच्या आज्यापाशी बंदूक होती काय?"

"कायले तमाशा करता बाई? लोकायले आता असंच पटते."

"मंग तुमीच घाला."

तिनं कोट त्यांच्या खांद्यावर टाकला आणि दंड धरून खाली ओढलं. मंच बुटकाच होता. भगवानराव तोल जाऊन गर्दीत पालथे पडले. मागच्यांना तोंड दिसलं नाही, खाकी दिसली. काठी टाळूवर बसली.

"हुसेन आपला होता रे! आपल्यासाठी मेला तो!" भगवानराव किंचाळले.

खेळात नवा संवाद आला म्हणून मागून शिट्ट्या वाजल्या. दुसरी काठी उठली.