डावीकडचं ‘होय’

सहदेव सरवणकराचं वाटोळं होऊ दे, हे एकच मागणं मालू कोळीण तेरा वर्षं एकवीरेपुढे मागत आली होती.

शहाऐंशी साली तो ठाण्याच्या खाडीकाठी सर्वेक्षणाचे छापील फॉर्म घेऊन आला होता. मासळी वाळवायच्या जागेसाठी त्यात रकानाच नव्हता. मालूने विचारलं तर म्हणाला, "तू अंगठा कर, बाकीचं मी बघतो." त्याने बघितलं ते असं, की तिच्या सासूपासूनची जागा कागदावर ‘पडीक’ झाली आणि सहा महिन्यांत तिच्याभोवती भिंत उभी राहिली. त्या रागापायी मालू चाळिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसली.

नव्व्याण्णवला तोच सहदेव पुन्हा उगवला. आता फॉर्म इंटरनेटवरचा. खाडीवर पूल बांधणाऱ्या कंपनीचं सर्वेक्षणाचं काम त्याला मिळायचं होतं, पण आधी कोळणींनी कल्याणच्या एका कॉम्प्युटर क्लासात तो भरून दाखवायचा, अशी कंपनीची अट. क्लास चालवणारी बर्नाडेट मालूच्या जुन्या गिऱ्हाइकाची लेक. तिने आदल्या दिवशी मालूला फॉर्म दाखवला.

मालू बोट ठेवून वाचत गेली. "‘राहती जागा सोडण्यास तयार आहात?’ होय... आन् नाय कुठंय गो?"

बर्नाडेटने मान पुढे केली. "अय्या! सरवणकर सरांनी त्यांच्या ठाण्याच्या मोठ्या स्क्रीनवर बनवलाय. आमचे डबे लहान, उजवीकडचं सगळं बाहेर गेलं. मावशी, फोन करते त्यांना. पाच मिनटांचं काम."

"करशील तर तुज्या आयशीच्या दारात परत मावरं घेऊन येनार नाय."

दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब आले, दहाबारा कोळणी आल्या. सहदेवने इस्त्रीचा सदरा घातला होता. "बसा मालूताई. घाबरायचं नाही, सोप्पं आहे."

"आदी तुमी भरा, सायेब. तुमच्या बंगल्याचा भरा. आमी बगून शिकू."

साहेब हसले. "भरा की!"

सहदेव ऐटीत बसला. त्या प्रश्नाशी आला आणि त्याचा हात थांबला.

"दाबा की," मालू म्हणाली. "येकच तर हाय."

"बंगला दिला रं सायबानं!" मागच्या कोळणींतली दगडाबाई ओरडली. बायका खिदळल्या.

घाम पुसत सहदेवने पडद्याच्या तळाची पट्टी माउसने सरकवली, तेव्हा कुठे ‘नाही’ दिसलं. "हे बघा! आहे!"

"ती पट्टी आमच्यातल्या कोनाला ठाव हाय?" मालूने साहेबांकडेच बघून विचारलं. "समद्यांचं होयच गेलं असतं."

साहेबांनी फाइल मिटली. सहदेवला ‘कळवतो’सुद्धा म्हणाले नाहीत. बर्नाडेटला मात्र विचारलं, "लहान पडद्यासाठी तुम्ही करून द्याल?"

जिन्यात सहदेवने मालूला गाठलं. "तुला आधीच ठाऊक होतं."

"व्हतं."

"मग सांगायचं ना! माझं वर्षाचं काम गेलं."

"तुमी सांगितलेलं मला, कागदावर काय लिवलंय ते?"

तो काहीबाही पुटपुटत उतरला. मालू त्याच्याकडे शेवटच्या पायरीपर्यंत बघत राहिली. पोटभर जेवल्यासारखं वाटलं तिला. मग ती आत आली.

बर्नाडेट दोन्ही उत्तरं एकाखाली एक मांडत होती.

"‘नाय’ वरती घाल गो," मालू म्हणाली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.