उजव्या हाताची तीन बोटं

एपिफानियाने दोरा खालच्या ओठावरून फिरवून पाहिला. "सैल पडलाय. उसव ही पाकळी."

झुनिल्दाने सुई घेतली. इतागुआ गावात मुली जाळीचं विणकाम बघत बघतच शिकतात. ही मात्र पुस्तकांत वाढली, शाळेच्या ग्रंथालयात चिकटली आणि पन्नाशीला टेकल्यावर आईच्या हाताखाली बसली. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्यावर सूर्यकिरणांसारखे धागे, आणि त्यांत सुईने भरायचं पेरूचं फूल. साठ वर्षं एपिफानियाने ही फुलं बोटांनीच पाहिली होती. आता बोटांना दोरा कळेना, म्हणून ओठ.

"ग्रंथपालबाई, हे पेरूचं फूल की बैलाचा खूर?"

"दोन्ही. बैलाने पेरू तुडवलाय."

म्हातारी खुदकन हसली आणि बर्फाचा खडा गालात सरकवला. पाणी मोजून मिळायचं. तेरेरेच्या, म्हणजे थंड पाण्यातल्या पाल्याच्या चहाच्या, घोटाची तहान ती अशी भागवी.

तिची मूत्रपिंडं थकून नऊ वर्षं झाली होती. आठवड्यातून तीन दिवस दोघी बसने राजधानीला, आसुन्सिओनला जात, एपिफानिया रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडली जाई आणि झुनिल्दा शेजारी वाचत बसे. गेल्या वर्षी हाडं इतकी ठणकू लागली की खुर्चीत बसवेना. गळ्यातल्या चिमुकल्या ग्रंथी बेफाम होऊन हाडांतला चुना ओढत होत्या. त्या काढून टाकल्या, आणि महिन्याभरात बाई पुन्हा चौकटीपाशी बसल्या. आता रक्तातलं कॅल्शियम उतरेल, ओठांना-बोटांना मुंग्या येतील, लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मुंग्या आल्या. एपिफानिया लेकीला म्हणाली, फक्त अंगठा आणि शेजारची दोन बोटं, तीही उजवीच. पहाटे जास्त, ओठ तर ठणठणीत. झुनिल्दाने या विषयावरचं मिळेल ते वाचून काढलं होतं. तिने आईच्या बोलण्याचा सारांश केला. डॉक्टरांना फोनवर एवढंच म्हणाली, "मुंग्या येताहेत." डॉक्टर म्हणाले, कॅल्शियमच्या गोळ्या वाढवा.

आठ महिने म्हातारीने गोळ्या गिळल्या. "आता मलाच खडू म्हणून फळ्यावर घासता येईल बघ," म्हणायची. मग एक दिवस यंत्रावरच्या नर्सला अंगठ्याखालचा खळगा दिसला. तपासणीत निघालं की मनगटात शीर दबली आहे. वर्षानुवर्षं यंत्रावर असलेल्यांना हे होतं, ग्रंथी काढल्यावरही लक्ष ठेवावं लागतं. वेळीच कळतं तर हात राहिला असता, आता कळा तेवढ्या थांबतील.

एपिफानियाने दोष द्यायचा तो डॉक्टरांना दिला, तोही हळूच. "मी एवढं नीट सांगून पाठवलं होतं. त्यांना नाही उमजलं, बिचाऱ्यांना. शंभर माणसं असतात." आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात त्यांच्यासाठी घरच्या चिपा, चीज घातलेले छोटे पाव, भाजून पाठवल्या. टोपली झुनिल्दानेच पोचवली.

मनगटाची शस्त्रक्रिया गुरुवारी होती. हा रविवार. "गुरुवारनंतर सुई हिसकावून घेते की नाही बघ," आई म्हणाली.

"घे ना. सुटेन मी."

"सुटतेस कशाला? हात बसतोय तुझा. फक्त घाई करतेस, पुढचं ऐकून घेत नाहीस."

फोनवर खरं काय सांगितलं ते झुनिल्दाच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आईने आपला उजवा हात तिच्या मांडीवर टाकला आणि जरा चोळ म्हणाली. ती चोळत राहिली. म्हातारीचा डोळा लागला.

सोमवारी पहाटे एपिफानियाचं हृदय झोपेतच थांबलं.

शेजारची क्रेसेन्सिया अंघोळ घालायला आली. दोघींनी मिळून तिला पुसलं, केस विंचरले. "हात तू कर," क्रेसेन्सिया म्हणाली आणि जपमाळ आणायला आत गेली.

झुनिल्दाने ओला पंचा घेतला. आईच्या उजव्या हाताची करंगळी, तिच्या शेजारचं बोट. मग उरलेली तीन, एकेक, सावकाश, नखांच्या कडांपर्यंत. क्रेसेन्सिया माळ घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. झुनिल्दाने तिला पाहिलं, पण आवाज खाली आणला नाही.

"आई, तू तीन बोटं म्हणाली होतीस. मी त्यांना सांगितलंच नाही. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, आई. मी ऐकलं नाही."