हद्दीच्या दगडाला शेंदूर

मित्रांनो, दगडाला कुणी वय विचारत नाही आणि मतही विचारत नाही. मी मात्र दोन्ही सांगणार आहे. माझा जन्म निजामाच्या राजवटीतला, आणि खोटं बोलणाऱ्यांची मला मनस्वी चीड आहे. मी एक जुना हद्दीचा दगड आहे. कमरेइतका उंच, चारी बाजूंनी घडवलेला, रंगानं काळाकुळकुळीत आणि स्वभावानं हट्टी. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालात की चिकलठाण्याच्या पुढे आतल्या बाजूला एक टेकडी लागते. पूर्वी ती सगळी होती, आता निम्मी उरली आहे. तिच्या पायथ्याशी माझं ठाणं.

त्याच टेकडीतून एका पाथरवटानं मला छन्नीनं काढलं. चार दिवस तो मला घडवत होता. मग सरकारी मोजणी आली. मोजणीदार हबीबमियां हातात साखळी घेऊन दिवसभर उन्हात फिरले आणि शेवटी एका जागी पाय रोवून म्हणाले, "इथं." गड्यांनी खड्डा खणला. हबीबमियांनी आधी त्यात टोपलीभर कोळसा आणि फुटकी खापरं टाकायला लावली आणि त्यावर मला उभं केलं. एका गड्यानं विचारलं, "मियां, कोळसा कशापायी?" ते हसून म्हणाले, "पत्थर तो कोई बी हिला लेता. नीचे का कोयला कौन हिलाएगा?" कोळसा मातीत कुजत नाही, म्हणून मोजणीवाले तो साक्षीला ठेवत. नकाशावरही त्यांनी तशी नोंद केली.

माझं काम एकच, उभं राहायचं. उत्तरेला टेकडी, दक्षिणेला गायरान. तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं? एकदा एका पायावर तासभर उभे राहून बघा. माझ्या अंगावर गुरं अंग घासत, मेंढके पाठ टेकत. दोन भावकींत भांडण लागलं की म्हातारी माणसं त्यांना माझ्यापाशी घेऊन येत आणि म्हणत, "ह्याला इचारा, हा कुणाच्या बापाचा मिंधा नाय." एवढी मोठी शाबासकी दगडाला दुसरी कोणती मिळणार? मी तेव्हा मनातल्या मनात फुगून जायचो.

पुढं गायरानावर अकरा घरांची बौद्ध वस्ती उभी राहिली. त्या लोकांनी पड जमीन वहितीला आणली, वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून ती नावावर करून घेतली आणि स्वतःच्या हातांनी विहीर खणली. कडूबाई या वस्तीत नवरी म्हणून आली तेव्हा मी तिला पाहिलं. आता तिला नातवंडं आहेत. तिनं माझ्या अंगाला शेळ्या बांधल्या, माझ्यावर गोधड्या वाळत घातल्या, पण कधी हात जोडले नाहीत. मला ते आवडायचं. हद्दीच्या दगडाला पूजा नको असते, त्याला जागेवर राहू दिलं म्हणजे पुष्कळ झालं.

मग शहर वाढलं. इमारतींना खडी लागली, रस्त्यांना खडी लागली. साहेबराव नावाच्या मालकानं टेकडी खदानीसाठी भाडेपट्ट्यानं घेतली. मी खोटं बोलणार नाही, तुमच्या शाळेच्या भिंतीतही माझेच भाऊबंद बसले आहेत. दगड काढावा लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगत नाही. टेकडी सुरुंगानं फुटते असं तुम्हाला वाटतं. ती त्याच्या आधी कागदावर फुटते. कुठून कुठपर्यंत खणायचं, किती खोल जायचं, घरांपासून किती लांब थांबायचं, हे सगळं वकील लिहितात. साहेबरावांचा पट्टा सुदर्शन वकिलांनी लिहिला होता आणि चांगला लिहिला होता. त्यात स्वच्छ शब्द होते, "दक्षिणेस हद्दीच्या दगडापर्यंत." म्हणजे माझ्यापर्यंत.

दहा वर्षांत टेकडी पोखरून झाली. चांगला दगड संपत आला. आता साहेबराव माझ्या पलीकडे बघायला लागले, आणि त्यांची नजर मला बरी दिसेना.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. अशोक विजयादशमी म्हणून सगळी वस्ती पांढरे कपडे घालून शहराकडे बुद्ध लेणीवर गेली होती. म्हातारी माणसंसुद्धा टेम्पोत बसून गेली. इकडे खदानीत पोकलेनची पूजा झाली, झेंडूच्या माळा लागल्या. आणि भर दुपारी ते माळा घातलेलं यंत्र माझ्याकडे आलं. दसऱ्याला लोक सीमोल्लंघन करतात. यांनी सीमाच उचलली!

मित्रांनो, तो अपमान मी कसा सांगू? ऐंशी वर्षं न हललेला मी, लोखंडी पंजात लटकत वस्तीकडे निघालो. विहीर ओलांडली, कडूबाईचं घर ओलांडलं. चार घरं आणखी मागे टाकली आणि मला तिथं पुरलं. पाच घरं आणि विहीर एका दुपारीत खदानीच्या बाजूला गेली. माझा जुना खड्डा मुरूम टाकून सपाट केला.

पोकलेनचा चालक मात्र घाबरला होता. उभा दगड उपटला, त्यात काही देवाबिवाचं असलं तर? पूजेचं सामान हाताशी होतंच. त्यानं शेंदूर तेलात कालवला, माझ्या डोक्यापासून पायापर्यंत फासला, नारळ फोडला आणि पुटपुटला, "माफ कर बाबा, पोटासाठी करतोय." जन्मात पहिल्यांदा माझ्यापुढे नारळ फुटला, तोही मला चोरून नेल्याबद्दल! मला बोलता आलं असतं तर त्याला म्हणालो असतो, बाबा, पोट मलाही कळतं, पण पाप धुवायला माझं अंग कशाला रंगवतोस?

संध्याकाळी वस्ती परतली. कडूबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आधी तिनं मला ओळखलंच नाही. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा दगड तिकडून इकडं आला कसा? पाय फुटले व्हय याला?"

साहेबरावांच्या तक्रारीवरून आठ दिवसांत सरकारी नोटीस आली. वस्तीनं खदानीच्या पट्ट्यावर अतिक्रमण केलं आहे, पाच घरं खाली करा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. आणि पुरावा कोण? मी! आयुष्यभर ज्यानं खरं सांगितलं, त्याला त्यांनी खोटा साक्षीदार करून उभं केलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

कडूबाई मुकुंदवाडीला रत्नमाला वकिलांकडे गेली. दुसऱ्या दिवशी वकीलबाई स्वतः स्कूटीवरून आल्या. आल्या आल्या माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मावशी, आधी दगड कुठं होता ते दाखवा." कडूबाईनं जागा दाखवली. त्या जागेपासून चार हातांवर सुरुंगाची नवी भोकं पाडलेली होती. वकीलबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी जुन्या नकाशाची नक्कल काढली होती, खालच्या कोळशाची नोंद त्यांनी वाचली होती.

"मावशी, इथं एक सुरुंग उडाला तर आपला पुरावाच उडाला. कोर्टाचा हुकूम आणायला मला तीन दिवस लागतील."

"तुम्ही हुकूम आणा," कडूबाई म्हणाली. "तोवर मी हितं बसते."

आणि ती बसली. वस्तीतल्या बाया भाकरी घेऊन तिच्यासोबत बसल्या. साहेबराव गाडीतून उतरले. "आजी, उठा. सुरुंग लागणार हाय, दगडं उडतील."

"उडू द्या. इतकी वर्सं आमच्या पत्र्यावर उडतेतच की. तवा कधी सांगाया आला नाय तुम्ही?"

तिसऱ्या दिवशी दुपारी वकीलबाई "जैसे थे" चा हुकूम घेऊन आल्या. कुणीही काहीही हलवायचं नाही, फोडायचं नाही. यंत्रं बंद पडली. कशालाही न थांबणारा सुरुंग एका पानानं थांबवलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्या दिवसापासून मी कागदाला हसायचं सोडून दिलं.

मग सुदर्शन वकिलांनी शपथेवर उत्तर दाखल केलं. ते हुशार गृहस्थ, पण तोवर जागेवर एकदाही आले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकल्या. साहेबरावांनी माझा फोटो पाठवला, त्यात शेंदूर दिसला, आणि वकिलांनी लिहून टाकलं. काय लिहिलं, ते मला पाहणीच्या दिवशी कळलं.

पाहणीला कोर्टानं एका तरुण वकिलाला पाठवलं होतं. उजैर त्यांचं नाव. ते ना या बाजूचे ना त्या बाजूचे, फक्त पाहायचं आणि पाहिलेलं लिहायचं. सोबत सरकारी मोजणीदार. काळे कोट घातलेली तीन माणसं माझ्याभोवती उभी राहिली. रत्नमाला वकिलांनी उत्तराचा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला.

"'सदर वस्तीतील लोक पिढ्यानपिढ्या या दगडास शेंदूर लावून पूजा करीत आले आहेत, यावरून दगड मूळ जागीच असल्याचे सिद्ध होते.' सुदर्शन सर, हे आपण शपथेवर म्हणता?"

"फोटोत स्पष्ट दिसतंय," सुदर्शन वकील म्हणाले.

कडूबाई पुढं झाली. तिचा आवाज चढला होता. "साहेब, मह्या सासऱ्यानं बाबासाहेबांच्या मागं दीक्षा घेतली अन् घरातले देव नदीत सोडले. त्या दिवसापासून ह्या वस्तीत कुणी दगडाला शेंदूर लावला नाय. अकरा घरं उघडी हायेत. एका घरात शेंदराची डबी दाखवा, मी आत्ता घर सोडते!"

उजैर वकील खरंच घरोघर जाऊन आले. प्रत्येक भिंतीवर त्यांना बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर दिसली. शेंदराचा ठिपका कुठं दिसला नाही. ते परत येऊन शांतपणे म्हणाले, "मग हा शेंदूर लावला कुणी?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. खोटं लपवायला त्यांनी जो शेंदूर पुरावा म्हणून पुढं केला, तोच उलटला.

सुदर्शन वकिलांनी साहेबरावांकडे पाहिलं. "तुम्ही मला सांगितलं होतं, हे लोक पूजा करतात."

"फोटू दिला, लिवलं तुम्ही," साहेबराव गुरगुरले. "दगडाला शेंदूर कुठं लावत नाय का लोक?"

मग खणायला सुरुवात झाली. आधी माझ्या पायाखाली. हातभर खाली काय निघालं असेल? गुटख्याची रिकामी पुडी, चकचकीत, त्याच सालच्या तारखेची! बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मोजणीदारांनी नकाशा लावला, जुनी जागा धरली आणि तिथला मुरूम काढला. एक हात खाली माती, दोन हात खाली माती. कडूबाई खड्ड्यावर वाकली. आणि मग कुदळीला काळा रंग लागला. कोळसा होता, खापरं होती, हबीबमियांनी ठेवली होती तशीच.

उजैर वकिलांनी सगळं लिहून घेतलं. सुदर्शन वकिलांना हरकत नोंदवता आली असती. त्यांनी पेन काढलं, कोळशाकडे पाहिलं आणि काही न लिहिता खाली सही केली. जाताना मालकाच्या गाडीत बसले नाहीत. जालना रस्त्यापर्यंत पॉलिश केलेल्या बुटांनी धुळीतून चालत गेले. मी त्यांना माफ केलं असं समजू नका. पण ते चालत गेले हेही सांगायला हवं, नाहीतर मीही खोटाच ठरेन.

निकाल लागला. नोटीस रद्द झाली. मला वस्तीतल्या माणसांनी दोर लावून, ढकलत, घाम गाळत माझ्या जागी आणलं. कडूबाईनं राखेनं आणि काथ्यानं माझा शेंदूर घासून काढला. फटींत थोडा राहिला आहे, निघता निघत नाही.

साहेबराव तेव्हा तिथंच उभे होते. म्हणाले, "आजी, वर अपील केलंय. अन् दगडाचं काय, उद्या पुन्हा हलंल."

कडूबाईनं वस्तीतली झाडून सगळी पोरं गोळा केली, विहिरीच्या काठावर नेली आणि तिथून माझ्यापर्यंत पावलं मोजत चालायला लावली. स्वतः पुढं चालली. "एकशेबारा," ती म्हणाली. "पाठ करा. वकीलबाई कोर्टात लढतील, पर जागा दाखवायला आपलंच माणूस लागतंय. मी नसले तर तुम्ही दाखवायची."

तर मित्रांनो, तुमच्याही गावाच्या कडेला माझ्यासारखा कुणीतरी उभा असेल. त्याला हार नको, नारळ नको. तो कुठं उभा आहे, तेवढं पाहून ठेवा. त्याच्याबद्दल कागदावर काय लिहिलंय ते वाचायला शिका, आणि जमलं तर काळा कोट घालून ते मोठ्यानं वाचून दाखवायला शिका.

सगळ्यात शेवटी रूपाली माझ्यापाशी पोचली. कडूबाईची नात, पाच वर्षांची. रडवेली होऊन म्हणाली, "आजी, महे तर दोनशेदहा झाले."

"होऊ दे," कडूबाई म्हणाली. "रोज मोज. मोठी झालीस की एकशेबारा व्हतील."

साहेबराव गाडीत बसून निघून गेले. रूपाली विहिरीकडे परत पळाली आणि पहिल्यापासून मोजत माझ्याकडे यायला लागली.